मत्स्यपेटीतील शेवाळाचा हिशेब

हौसेने घरी मत्स्यपेटी आणावी, मासे सोडावेत आणि काही आठवड्यांत काचेवर हिरवा थर चढावा, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना आला असेल. आमच्या घरीही तसेच झाले. एका रविवारी आम्ही पेटी रिकामी केली, वाळूसकट घासून लख्ख केली आणि नळाचे ताजे पाणी भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठांपैकी पाच मासे उताणे तरंगत होते. महिन्याभरात शेवाळ मात्र पुन्हा हजर झाले! आमचे चुकले कोठे?

शेवाळाचे सूक्ष्म बीजाणू पाण्यातून, पाणवनस्पतींवरून, हवेतूनही येतात. त्यांना अडवणे शक्य नाही. पण वाढीसाठी शेवाळाला प्रकाश, कार्बन डाय-ऑक्साइड आणि नत्र व स्फुरद असलेले क्षार लागतात. यांपैकी प्रकाश आणि क्षार आपल्या हातात आहेत.

प्रथम प्रकाश पाहू. दुपारच्या थेट उन्हात प्रदीपन सुमारे १ लाख लक्स असते, तर खिडकीपासून दूर, खोलीच्या आत ते काहीशे लक्सच असते. म्हणून पेटी उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. दिवा रोज सात-आठ तास पुरे.

आता क्षार. ते कोठून येतात? आपणच घातलेल्या खाद्यातून! थोडे गणित करू. पेटी ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि पाणी २८ सेंमी उंच, म्हणजे सुमारे ५० लिटर पाणी झाले. रोज १ ग्रॅम खाद्य घातले आणि त्यात ४० टक्के प्रथिने धरली, तर प्रथिने ०.४ ग्रॅम. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असतो, म्हणजे ६४ मिलिग्रॅम. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेले खाद्य कुजून हा नत्र अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो. वाळूतील व गाळणीतील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. १४ ग्रॅम नत्रापासून ६२ ग्रॅम नायट्रेट बनते. म्हणून सर्व नत्राचे नायट्रेट झाले असे मानले, तर रोज सुमारे २८३ मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला दर लिटरमागे सुमारे ४० मिलिग्रॅम भर पडेल.

समजा, आपण दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलतो. मग नायट्रेट कोठवर चढेल? बाहेर जाणारा पाव हिस्सा आठवड्याच्या भरीइतका, म्हणजे ४० होईपर्यंत. याचा अर्थ लिटरमागे १६० मिलिग्रॅम! खाद्य निम्मे केले, तर हीच मर्यादा ८० वर येते. म्हणून दोन-तीन मिनिटांत मासे संपवतील एवढेच खाद्य घालावे. हायड्रिला किंवा व्हॅलिसनेरिया लावल्यास या वनस्पतीही क्षार शोषून घेतात.

आता आमची चूक तुमच्या ध्यानात येईल. वाळू घासताना अमोनिया पचवणारे जिवाणू नष्ट झाले आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना बाधला. पाणी पावच बदलावे, तेही उघड्या बादलीत एक दिवस ठेवून. गाळणी पेटीतून काढलेल्या पाण्यातच विसळावी. मोरचुदासारखी औषधे घालू नयेत. तांबे माशांना व गोगलगायींना विषारी असते. शिवाय एकदम मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते.

एक प्रयोग करून पाहा. तीन सारख्या बाटल्यांत पेटीतील पाणी भरा. मासे घालू नका. तिसरीत हायड्रिलाच्या दोन फांद्या सोडा. दुसरी चकचकीत ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा. काळा कागद नको, कारण तो ऊन शोषून पाणी तापवील. तिन्ही बाटल्या झाकणे सैल ठेवून खिडकीत ठेवा. दर तीन दिवसांनी बाटलीमागे छापील कागद धरा आणि अक्षरे किती स्पष्ट दिसतात, त्याची नोंद करा. दुसऱ्या बाटलीचा कागद फक्त नोंदीपुरताच काढा.

पंधरा दिवसांनी नोंदी वर्गात शिक्षकांना दाखवा. पहिल्या आणि दुसऱ्या बाटलीत फरक का पडला? पहिल्या आणि तिसऱ्या बाटलीत पडला का? याची उत्तरे तुम्ही स्वतः शोधलीत, तर पुढल्या रविवारी पेटी रिकामी करण्याचा मोह तुम्हांला होणार नाही.