स्कूटरची चावी देण्याआधी

पालकहो, दहावीचा निकाल लागला की घरोघरी हा विषय निघतो. कॉलेज लांब, क्लास सकाळी सहाला, बसचा भरवसा नाही आणि आईबाबा दोघंही नोकरीवर. मग घरची स्कूटर मुलाच्या हाती जाते. तुमची ओढाताण मला कळते. तरीही आज जरा स्पष्ट बोलायचं आहे.

‘सोळा पूर्ण झाली की लायसन्स मिळतं’ हे अर्धंच खरं आहे. ते मिळतं ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी. आपल्या दारातली स्कूटर बहुधा ११० किंवा १२५ सीसीची असते. तिला अठरा पूर्ण व्हावी लागतात. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांना लायसन्स लागत नाही, पण कुणी तिचा वेग वाढवून दिला की ती सवलत संपली.

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. ‘मला न सांगताच घेऊन गेला’ एवढं म्हणून सुटका होत नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकांनाच सिद्ध करावं लागतं.

पण मला खरी काळजी वाटते ती या दंडापलीकडची. समजा, मुलाच्या गाडीच्या धडकेत बत्तीस वर्षांचा, स्वतःचा छोटा धंदा करून महिना तीस हजार कमावणारा माणूस गेला. मागे बायको, लेकरू, आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण वर्षाचे तीन लाख साठ हजार धरतं, भविष्यातल्या वाढीचे चाळीस टक्के मिळवतं, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा करतं आणि वयानुसार सोळाने गुणतं. ५३ लाख ७६ हजार होतात. दुःखाच्या भरपाईची वगैरे रक्कम वेगळी. विमा आहे ना, असं वाटेल. पण चालवणाऱ्याकडे लायसन्स नसलं, तर अनेक दाव्यांत कंपनीला आधी पैसे भरायला लावून ते मालकाकडून वसूल करायची मुभा दिली जाते. म्हणजे तुमच्याकडून. आणि त्या घरातल्या लेकराचा बाप कुठल्याही रकमेने परत येत नाही. मुलाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. ओरडण्यापेक्षा तो नीट समजेल.

क्लासची वेळ बदलून मागा, सोसायटीतल्या तीन-चार घरांनी आळीपाळीने सोडा, अंतर जमण्यासारखं असेल तर सायकल द्या. गैरसोय होईल, ती सोसा. आणि मूल तुमच्या मागे बसलेलं असेल तेव्हा त्याच्याही डोक्यावर हेल्मेट हवं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते सक्तीचं आहे. त्याहून लहानग्यांसाठी २०२३ पासून हेल्मेट, तुमच्याशी बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आहे. पायाशी उभं राहिलेलं पिल्लू ब्रेकसरशी आधी हँडलवर आदळतं, हे कृपा करून लक्षात घ्या.

एक गोष्ट मात्र मुलांना आजच सांगा, गाडी देणार नसलात तरी. मित्राच्या गाडीवरून जाताना अपघात झाला तर पळायचं नाही. १०८ किंवा ११२ ला फोन करायचा, जखमीला दवाखान्यात पोचवायचं आणि घरी लगेच खरं सांगायचं. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. तुमच्या रागाच्या भीतीने त्याने फोन टाळू नये, एवढं त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या.