कृष्णा खोऱ्यातील पाणीवाटप : हक्क आणि सहकार्य

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर येथे उगम पावलेली कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. कऱ्हाडला कोयना, सांगलीनजीक हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा तिच्यात सामावतात. पुढे शिरोळ तालुक्यातील राजापूर बंधारा ओलांडला की ती कर्नाटकात प्रवेश करते. नदीला राज्याची सीमा ठाऊक नसते. तिच्या पाण्यावर जगणाऱ्यांना मात्र ती पदोपदी जाणवते. म्हणूनच हे पाणी कोणत्या तत्त्वाने वाटले गेले आणि ते वाटून काय साधले, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

घटनेतील तरतूद

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पाणी हा राज्यांचा विषय आहे. आंतरराज्य नद्यांचे नियमन व विकास मात्र केंद्रसूचीत येतो. अशा नद्यांविषयीचे तंटे सोडविण्याकरिता कायदा करण्याचा अधिकार अनुच्छेद २६२ अन्वये संसदेला आहे. त्यानुसार १९५६ साली आंतरराज्य जलविवाद अधिनियम संमत झाला. वाटाघाटींनी प्रश्न सुटत नसेल, तर केंद्र शासनाने लवाद नेमावा, अशी ही व्यवस्था आहे.

त्याच वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली. खोऱ्याच्या सीमा बदलल्या आणि कृष्णेच्या पाण्याबाबत १९५१ साली झालेली वाटणी वादग्रस्त ठरली. अखेर एप्रिल १९६९ मध्ये न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णा पाणीतंटा लवाद नेमण्यात आला.

वाटणीचे गणित

लवादापुढील पहिला प्रश्न होता, वाटायचे पाणी किती? पाऊस दरवर्षी सारखा पडत नाही. सरासरी हिशेबात धरली, तर कितीतरी वर्षे वाटा पुरा पडणार नाही. म्हणून शंभरांपैकी पंच्याहत्तर वर्षे तरी हमखास मिळेल एवढेच पाणी लवादाने आधारभूत मानले. यालाच ७५ टक्के विश्वासार्हता म्हणतात. हे पाणी २,०६० अब्ज घनफूट (टी.एम.सी.) ठरले. त्यापैकी महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि तत्कालीन आंध्र प्रदेशास ८०० अब्ज घनफूट पाणी मिळाले. सिंचनानंतर नदीत परत येणाऱ्या पाण्यापोटी या वाट्यांत काही भर घालण्याचीही तरतूद झाली. कोयना प्रकल्पातून पश्चिमेकडे वळविण्यात येणाऱ्या पाण्यास वार्षिक ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घालण्यात आली.

एक अब्ज घनफूट म्हणजे किती? नदीतून सेकंदाला सुमारे ११,५७४ घनफूट पाणी अखंड एक दिवस वाहिले, तर तेवढा साठा होतो.

हा निवाडा १९७६ साली राजपत्रात प्रसिद्ध झाला. लवादाने दुसऱ्या एका योजनेचाही विचार केला होता. कृष्णा खोरे प्राधिकरण स्थापावे आणि तुटीच्या वर्षी तूट व विपुलतेच्या वर्षी जादा पाणी राज्यांनी ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यावे, अशी ती कल्पना होती. राज्यांत एकमत न झाल्याने ती अमलात आली नाही. हक्कांचे आकडे ठरले. प्रत्येक वर्षीच्या पाण्याचा एकत्र विचार करणारी यंत्रणा मात्र राहून गेली.

दुसरा लवाद २००४ साली न्यायमूर्ती ब्रिजेश कुमार यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. त्याने डिसेंबर २०१० मध्ये निर्णय दिला आणि अलमट्टी धरणात ५२४.२५६ मीटर पातळीपर्यंत पाणी साठविण्यास कर्नाटकास मुभा दिली. तथापि सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ मधील आदेशामुळे त्याची राजपत्रातील प्रसिद्धी थांबली. पुढे २०१४ साली तेलंगण राज्य निर्माण झाले आणि वाटेकरी तीनांचे चार झाले.

पूर आणि टंचाई

पाणीवाटपाचा विचार बहुधा टंचाईच्या संदर्भात होतो. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी त्याची दुसरी बाजू दाखवून दिली. सांगलीच्या पुढे कृष्णेचे पात्र मंद उताराचे व वळणावळणाचे आहे. कृष्णा दुथडी भरली की पंचगंगेचे पाणी संगमाशी तुंबते आणि शिरोळ तालुक्यातील गावे वेढली जातात. २०१९ च्या पुरानंतर शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने, त्या पुरास अलमट्टीचा जलाशय कारणीभूत नसल्याचा निष्कर्ष २०२० मध्ये नोंदविला. तरीही धरणाची पातळी वाढविण्याविषयी सांगली-कोल्हापूर भागात चिंता आहे आणि महाराष्ट्राने त्यास हरकत घेतली आहे. मतभेद काहीही असोत, कोयना, वारणा, राधानगरी व अलमट्टी या धरणांतून किती पाणी केव्हा सोडले जाणार, ही माहिती दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांना वेळेवर मिळणे अत्यावश्यक आहे. पुराच्या दिवसांत काही तासांची पूर्वसूचनाही अनेकांचे प्राण व पशुधन वाचविते.

उन्हाळ्यात चित्र पालटते. उत्तर कर्नाटकातील नदीकाठ कोरडा पडतो आणि कोयना-वारणेतून पाणी सोडावे, अशी मागणी त्या राज्याकडून होते. काही वर्षी महाराष्ट्राने ते सोडलेही आहे. याच सुमारास सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याचा पूर्व भाग टँकरची वाट पाहत असतो. म्हैसाळ उपसा योजनेचे पाणी तेथवर पोचविण्यासाठी विस्तारित योजना हाती घेण्यात आली आहे. परंतु सीमेपलीकडे कर्नाटकची तुबची-बबलेश्वर योजना या गावांना जवळची आहे. महाराष्ट्राने नदीत सोडलेल्या पाण्याच्या मोबदल्यात कर्नाटकाने जतला पाणी द्यावे, हा विचार त्यातूनच पुढे आला. यात कोणाचाही हक्क बुडत नाही. वाट्याचा हिशेब कायम राहतो आणि पाणी कमी अंतरावरून गरजूंपर्यंत पोचते.

पुढील वाट

लवादाचा निर्णय हा वाटणीचा शेवटचा शब्द असला, तरी नांदण्याचा पहिला शब्द शेजाऱ्यांनीच उच्चारावा लागतो. पर्जन्यमापन व विसर्गाच्या आकड्यांची खुली देवघेव, पावसाळ्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांची बैठक आणि टंचाईच्या वर्षासाठी आधीच ठरविलेले सूत्र, या तीन गोष्टींसाठी नव्या निवाड्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या वाट्याचे पाणी जपून वापरणे हाही त्याच कर्तव्याचा भाग होय. शिरोळचा पूर ओसरावा आणि जतच्या पूर्व भागातील रांजण भरावेत, यासाठी राज्यांतील सहकार्य हाच खात्रीचा मार्ग आहे.