सममिती तपासताना: नातीला कानमंत्र

बाय, ध्रुवीय समीकरणाचा आलेख काढायला घेतलास की कोष्टक मांडण्याआधी सममिती तपास. ती सापडली की निम्मं काम वाचतं.

सूत्रं पाठ करण्याआधी तळेऱ्याच्या नाक्यावर मनाने उभी राहा. नाका हा ध्रुव. समोर वैभववाडीचा रस्ता, ती आरंभरेषा. डाव्या हाताला खारेपाटण, म्हणजे साधारण ९०°. पाठीमागे विजयदुर्गाचा रस्ता, १८०°. आता आर ऋण असेल तर? तोंड वैभववाडीकडेच ठेवायचं आणि मागे मागे चालायचं. पोचशील विजयदुर्गाच्या बाजूला. म्हणून (आर, थिटा) आणि (−आर, थिटा + १८०°) हा एकच बिंदू. थिटात ३६०° मिळवले तरी जागा तीच. हे पक्कं कर, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आरंभरेषेसाठी थिटाच्या जागी −थिटा घाल. आर = १ + कॉस थिटा यात काहीच बदलत नाही, म्हणून सममिती आहे. तिथे ०° ते १८०° एवढंच काढ, उरलेलं खाली उलटव.

उभ्या रेषेसाठी १८०° − थिटा घाल. आर = १ + साइन थिटा तसंच राहतं.

ध्रुवासाठी −आर घाल. याकोब बर्नुलीने १६९४ साली मांडलेल्या लेम्निस्केटचं समीकरण आर² = कॉस २थिटा असं लिहितात. आरचा वर्ग असल्याने ते लगेच जुळतं.

आता खरा कानमंत्र. कसोटी जुळली तर सममिती नक्की. जुळली नाही म्हणून ‘सममिती नाही’ असं लिहू नकोस. आर = साइन २थिटा यात −थिटा घातलं की चिन्ह बदलतं. पण −आर आणि १८०° − थिटा एकदम घालून बघ, समीकरण जसंच्या तसं परत येतं. चारही पाकळ्या आरंभरेषेच्या दोन्ही अंगांना सारख्या आहेत. अशी जोडकसोटी उभ्या रेषेलाही आहे: −आर आणि −थिटा. ध्रुवाला थिटा + १८०°.

कधी दोन्ही फसतात. आर = साइन (थिटा/२) घे. तिथे −थिटाऐवजी ३६०° − थिटा घाल, आरंभरेषेची सममिती हाती लागते.

मग ‘नाही’ कधी म्हणायचं? वक्ररेषेवरचा एखादा बिंदू दाखव, ज्याचं प्रतिबिंब तिच्यावर नाही. आर = १ + कॉस थिटा यात ध्रुवापासून २ अंतरावर एकच बिंदू आहे, वैभववाडीच्या बाजूला; विजयदुर्गाच्या बाजूला तसा नाही. उभ्या रेषेची सममिती तिथेच संपली.

तिन्हींपैकी दोन सममिती सिद्ध झाल्या की तिसरी आपोआप येते, पुन्हा तपासू नकोस. आणि थिटाची मर्यादा आधी वाच. आर = थिटा हे सर्पिल उभ्या रेषेभोवती सममित आहे, पण थिटाला ऋण किमती चालत असतील तरच.