अद्भुताची दिनचर्या : अर्सुला ल ग्विन यांचे लेखनजीवन आणि ‘अर्थसी’ कादंबरीमाला

१

मराठी कादंबरीच्या इतिहासलेखनात अद्भुतरम्यता आणि गृहजीवन ही दोन टोके मानण्याची प्रथा आहे. लक्ष्मण मोरेश्वर शास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून (१८६१) पुढे आलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा परामर्श एका बाजूला घेतला जातो. दुसऱ्या बाजूला हरिभाऊ आपट्यांनी कादंबरीत माजघर आणि स्वयंपाकघर आणले, याची नोंद वाङ्मयीन संक्रमणाची खूण म्हणून केली जाते. ही विभागणी ऐतिहासिक दृष्ट्या उपयुक्त असली, तरी तिच्यातून एक गैरसमज नकळत दृढ होतो. अद्भुताची निर्मिती करणारा लेखक दैनंदिन व्यवहारापासून मुक्त असतो, त्याच्या कल्पनेला घड्याळ, बाजार आणि चूल यांचा स्पर्श नसतो, असा हा समज आहे. अद्भुत म्हणजे पलायन, या नेहमीच्या आक्षेपाच्या मुळाशीही बहुधा हाच समज असतो.

अद्भुतरम्य कादंबरी लिहिणे हाच ज्यांचा व्यवसाय होता अशा लेखकांच्या दिनक्रमाकडे पाहिले असता चित्र वेगळे दिसते. जे. आर. आर. टॉल्किन यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीस १९३७ च्या डिसेंबरात आरंभ केला आणि ती १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाली. मधल्या काळात ऑक्सफर्डमधील अध्यापन, उत्तरपत्रिकांची तपासणी, महायुद्ध आणि कागदाची टंचाई यांतून वाट काढीत हे लेखन पुढे सरकत होते. परंतु दिनचर्या आणि अद्भुत यांचा संबंध केवळ अडथळ्याचा नसतो. तो आशयाच्या घडणीत कसा उतरतो, हे पाहण्यासाठी अमेरिकन कादंबरीकार अर्सुला ल ग्विन (१९२९-२०१८) यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. आपल्या कामाच्या परिस्थितीविषयी त्यांनी स्वतः सातत्याने लिहिले. तसेच एकाच कल्पित विश्वाकडे त्या तीन दशकांहून अधिक काळ पुनःपुन्हा वळल्या. त्यांची दिनचर्या आणि ‘अर्थसी’ ही कादंबरीमाला यांचा अन्योन्यसंबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

अर्सुला यांचा जन्म कॅलिफोर्नियातील बर्कली येथे झाला. वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामांकित मानवशास्त्रज्ञ. आई थिओडोरा क्रोबर यांनी मुले मोठी झाल्यानंतर, वयाची पन्नाशी उलटल्यावर लेखनास प्रारंभ केला आणि ‘इशी इन टू वर्ल्ड्स’ (१९६१) या ग्रंथाने ख्याती मिळवली. अर्सुला यांनी रॅडक्लिफ आणि कोलंबिया येथे फ्रेंच प्रबोधनकालीन साहित्याचा अभ्यास केला. १९५३ मध्ये फ्रान्सला जाताना बोटीवर इतिहासाचे अभ्यासक चार्ल्स ल ग्विन यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये विवाह झाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हे दांपत्य ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे स्थायिक झाले. पती विद्यापीठीय अध्यापनात, घरात वाढत्या वयाची तीन मुले आणि सुमारे दहा वर्षे संपादकांकडून साभार परत येणारी हस्तलिखिते, अशी त्यांच्या लेखनाची सुरुवात होती. ‘एप्रिल इन पॅरिस’ ही त्यांची कथा ‘फँटॅस्टिक’ या मासिकात १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. लेखनाचे पैसे मिळालेली ही त्यांची पहिली कथा होय.

मुले लहान असताना लेखनासाठी उरणारा वेळ म्हणजे ती झोपी गेल्यानंतरची रात्र. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८), ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९), ‘द टूम्स ऑफ अटुआन’ (१९७१) आणि ‘द फार्देस्ट शोअर’ (१९७२) या कादंबऱ्या मुलांच्या संगोपनाच्या काळातील आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. पुढे, १९८८ मधील एका मुलाखतीत त्यांनी आपल्या आदर्श लेखनदिवसाचे वेळापत्रक सांगितले. पहाटे साडेपाचला जाग येणे आणि पडून विचार करणे, सव्वासहाला उठून भरपेट न्याहारी, सव्वासातपासून दुपारपर्यंत लेखन, जेवणानंतर तीनपर्यंत वाचन आणि संगीत, तीन ते पाच पत्रव्यवहार आणि जमल्यास घराची झाडलोट, पाच ते आठ रात्रीचा स्वयंपाक आणि जेवण. आठनंतर आपली बुद्धी चालेनाशी होते, असे सांगून त्यांनी हे वेळापत्रक विनोदाने संपवले आहे.

या वेळापत्रकातील दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, रात्रीचे लेखन सकाळवर आले, ते मुले मोठी झाल्यामुळे. म्हणजे येथे प्रतिभेची वेळ ठरवली ती कुटुंबाच्या वयाने. दुसरी, स्वयंपाक आणि झाडलोट यांना लेखनाच्या आदर्श दिवसातही जागा आहे. सव्वासातला लिहावयास बसण्यापूर्वीचा पहाटेचा विचार हाही कामाच्या दिवसातच धरलेला आहे. स्फूर्तीची वाट पाहण्यासाठी मात्र या दिवसात वेगळा वेळ राखून ठेवलेला नाही.

३

१९६७ मध्ये ‘पार्नासस प्रेस’चे प्रकाशक हर्मन शाइन यांनी अर्सुला यांच्याकडे किशोरवयीन वाचकांसाठी कादंबरी मागितली. त्या मागणीतून ‘अर्थसी’ कादंबरीमाला सुरू झाली. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन कथांत या द्वीपसमूहाची बीजे होती. आता त्यांनी प्रथम मोठ्या कागदावर त्याचा नकाशा काढला, बेटांना नावे दिली आणि मग त्या बेटांमधून नायकाचा प्रवास घडवला. या प्रक्रियेविषयीच्या १९७३ च्या निबंधात त्यांनी सांगितले आहे की, नकाशावरील तीन लहान बेटांची नावे ही त्यांच्या मुलांची घरातली बोबडी नावे आहेत. हा उल्लेख वरवर कौतुकाचा वाटतो. परंतु ज्या विश्वात एखाद्या वस्तूचे खरे नाव जाणणे म्हणजेच तिच्यावर सत्ता मिळवणे, त्या विश्वाच्या नकाशात घरातली हाक सामावली जावी, यातून या विश्वाची घरातल्या बोलीशी असलेली जवळीक स्पष्ट होते.

‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मधील जादूचे स्वरूप या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. गेड हा महत्त्वाकांक्षी मुलगा ओगियन या मौनप्रिय जादूगाराचा शिष्य होतो. गुरू त्याला मंत्र शिकवीत नाही. दोघे डोंगरातून चालतात, वनस्पती गोळा करतात. पाऊस आला तर ओगियन तो मंत्राने परतवीत नाही, झाडाखाली आडोसा घेऊन झोपतो. शिकवणी केव्हा सुरू होणार, असे अधीर गेड विचारतो, तेव्हा ती सुरू झालीच आहे, असे त्याला उत्तर मिळते. एका सामान्य रोपाचे मूळ, पान, फूल, वास आणि बी सर्व ऋतूंत ओळखता आले, तरच त्याचे खरे नाव कळेल, असे गुरूचे म्हणणे आहे. पुढे रोक बेटावरील विद्यापीठात गेड एकाकी मनोऱ्यात नावांच्या लांबलचक याद्या पाठ करतो. त्या दिवसाची यादी मध्यरात्रीपूर्वी मुखोद्गत करावी लागते, कारण मध्यरात्री शाई पुसली जाते.

येथे अद्भुत घडते ते चमत्काराच्या झटक्यात नव्हे, तर रोजच्या पाठात. प्रत्येक मंत्राला मोल आहे, प्रत्येक बदलाने जगाच्या समतोलावर परिणाम होतो, हे या मालेचे मध्यवर्ती आशयसूत्र आहे. या सूत्रावर ताओ विचाराचा प्रभाव आहे, हे अभ्यासकांनी दाखवले आहे आणि ते ग्राह्यच आहे. परंतु तत्त्वज्ञानाचा प्रभाव आशयाचा सांगाडा पुरवतो. त्या सांगाड्याला अनुभवाचे मांस चढते ते अन्यत्र. वेळ मोजून मिळतो, एका कामाला दिलेला तास दुसऱ्याकडून काढून घ्यावा लागतो, हे ज्या लेखिकेला रोज रात्री ठाऊक होत होते, तिने निर्मिलेल्या विश्वात फुकटची जादू नसावी, हे स्वाभाविक वाटते. हा संबंध कारण आणि कार्य असा थेट नाही. दोहोंत एकच शिस्त आढळते, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

४

तरीही या पहिल्या तीन कादंबऱ्यांत एक विसंगती आहे. घरातून लिहिल्या गेलेल्या या कादंबऱ्यांत घराला मोल नाही. रोकच्या विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश नाही. स्त्रियांची जादू दुबळी आणि दुष्ट, असे तेथील लोक मानतात आणि कथन त्यास हरकत घेत नाही. ‘द टूम्स ऑफ अटुआन’ची नायिका तेनार हिला स्वतःचे नाव आणि स्वातंत्र्य परत मिळते, पण त्यापुढील तिच्या आयुष्याविषयी माला मौन पाळते. अद्भुतकथेचा परंपरागत घाट पुरुष नायकाच्या साहसाचा होता आणि लेखिकेने तो स्वीकारला होता. बाजाराचा दाबही त्याच दिशेने होता. १९६९ मध्ये ‘प्लेबॉय’ मासिकाने त्यांची ‘नाइन लाइव्हज’ ही कथा छापली, ती ‘यू. के. ल ग्विन’ अशा आद्याक्षरी नावाने, लेखिका स्त्री असल्याचे झाकून. खऱ्या नावाचे माहात्म्य सांगणाऱ्या लेखिकेला अशा रीतीने आपले नाव अर्धे लपवावे लागले.

या विसंगतीचा उलगडा त्यांनी ‘डान्सिंग अॅट द एज ऑफ द वर्ल्ड’ (१९८९) या संग्रहातील ‘द फिशरवूमन्स डॉटर’ या निबंधात केला आहे. ‘नोस्ट्रोमो’ लिहीत असतानाच्या वीस महिन्यांविषयी जोसेफ कॉनरॅड सांगतात की, सर्व सांसारिक सुखांकडे पाठ फिरवून ते निर्मितीशी झुंजत होते. या वर्णनात जेवण वेळेवर समोर येते. ते आणणारी व्यक्ती नावाने येत नाही, तिचे मूक प्रेम तेवढे जाणवते. याच्या शेजारी अर्सुला मार्गारेट ऑलिफंट या एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश लेखिकेला उभे करतात. ऑलिफंट यांना स्वतंत्र अभ्यासिका कधीच लाभली नाही. त्यांनी घरच्या वर्दळीत बसून, कुटुंबाचा चरितार्थ चालवीत लिहिले. कला आणि घरकाम यांच्या या अवघड नात्याने लेखनाची हानीच होते असे नाही, लाभही होतो, हा ऑलिफंट यांचा अनुभव अर्सुला गांभीर्याने घेतात. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ मध्ये स्वतःच्या खोलीची मागणी केली होती. तिचे महत्त्व मान्य करूनही अर्सुला म्हणतात की, अखेर लेखिकेला पेन्सिल, थोडा कागद आणि त्या कागदावरील मजकुराची जबाबदारी आपलीच आहे ही जाणीव, एवढे पुरते.

या भूमिकेत भाबडेपणा नाही. एका व्यक्तीला दोन पूर्ण वेळेची कामे करता येत नाहीत, पण दोन व्यक्ती मिळून तीन करू शकतात, असा हिशोब त्यांनी मांडला आहे. अध्यापन, लेखन आणि मुले ही ती तीन कामे होत. पतीचा वाटा त्या मोकळेपणाने मान्य करतात. प्राध्यापकाच्या पगाराचे स्थैर्य आणि मुलांच्या संगोपनातील भागीदारी ज्या लेखिकांच्या वाट्याला आली नाही, त्यांच्या न लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्यांचा प्रश्न या हिशोबामागे उभा आहे. पन्नाशीपर्यंत थांबलेली त्यांची आई हे त्याचे घरातलेच उदाहरण होते.

५

‘तेहानू’ ही मालेतील चौथी कादंबरी १९९० मध्ये, तिसरीनंतर अठरा वर्षांनी प्रसिद्ध झाली. तिची नायिका तेनार आता शेतकऱ्याची विधवा आहे. ती शेळ्या राखते, सूत कातते आणि आगीत होरपळलेल्या एका मुलीला सांभाळते. महाजादूगार गेड आपली सारी शक्ती गमावून तिच्या दारी येतो. पूर्वीच्या कादंबऱ्यांत जे पडद्यामागे होते, तेच येथे कथानक बनते. दळण, चूल, जखमेची देखभाल आणि रात्रीची भीती यांतून कादंबरी पुढे सरकते. तेनारचा मुलगा समुद्रावरून परततो, तेव्हा जेवणाची भांडी उचलणे हे बायकांचे काम म्हणून नाकारतो. एके काळी सर्व बेटांवर ज्याचा शब्द चालत असे, तो गेड ती भांडी घासतो. या प्रसंगात मंत्र नाही, तरी मालेतील समतोलाच्या सूत्राचा अर्थ येथे विस्तारतो. जगाचा समतोल जसा मंत्राने ढळतो, तसा कामाच्या विषम वाटणीनेही ढळतो.

या बदलामुळे काही वाचक नाराज झाले. अद्भुताची जागा प्रचाराने घेतली, असे त्यांना वाटले. १९९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे दिलेल्या आणि ‘अर्थसी रिव्हिजन्ड’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात अर्सुला यांनी आपली बाजू मांडली. तिचा मथितार्थ असा की, अर्थसीचे विश्व तेच आहे, ते पाहण्याची जागा बदलली आहे. हे म्हणणे संहितेच्या आधारे टिकते. ओगियनच्या झोपडीतील रोजची कामे पहिल्या कादंबरीतही होती. त्या कामांतून तयार होणारा जादूगार तिथे महत्त्वाचा होता, ‘तेहानू’त ती कामे आणि ती करणारी माणसे महत्त्वाची ठरतात. ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ आणि ‘द अदर विंड’ (दोन्ही २००१) या पुढील ग्रंथांनी हीच दिशा पुढे नेली. त्यामुळे ‘तेहानू’ हा मालेचा अपवाद नसून तिच्या आरंभीच्या मौनाला दिलेले उत्तर ठरते.

६

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दिनचर्या ही लेखकाच्या चरित्रातील किरकोळ माहिती नव्हे. कोणत्या लेखकाला कोणता वेळ मिळतो, तो कोणाच्या श्रमातून मोकळा होतो आणि त्या श्रमाला कलाकृतीत स्थान मिळते की नाही, हे प्रश्न संहितेच्या आशयाशी निगडित आहेत. अद्भुतरम्य साहित्याच्या बाबतीत ते अधिकच महत्त्वाचे ठरतात. जे विश्व लेखक मुळापासून रचतो, त्यात काय वगळले गेले याची जबाबदारी वास्तवावर ढकलता येत नाही.

जात्यावरच्या ओवीची लय दळणाच्या गतीतून आली, हे मराठी अभ्यासकांना अपरिचित नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासात श्रम आणि रचना यांचा संबंध आपल्याकडे मान्य झालेला आहे. तोच निकष मुद्रित, व्यावसायिक, रंजनप्रधान म्हणून बाजूला सारलेल्या अद्भुतरम्य कादंबरीला लावून पाहण्याचे काम मराठीत पुष्कळ शिल्लक आहे. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’सारख्या लोकप्रिय कादंबऱ्यांचा विचार कथानकाच्या उगमापुरता मर्यादित न ठेवता, त्या कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या दिनक्रमात लिहिल्या गेल्या याचीही पाहणी झाली पाहिजे.

पोर्टलंडमधील ज्या घरात अर्थसीची बेटे कागदावर उमटली, ते घर ल ग्विन कुटुंबाने तेथील एका साहित्यसंस्थेला लेखकांच्या निवासासाठी दिल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. तेथे राहावयास येणाऱ्या लेखकाला इतर कशाआधी वेळ मिळावा, ही त्यामागील योजना आहे. ज्या लेखिकेने आपल्या वेळेचा हिशोब आयुष्यभर उघडपणे मांडला, तिच्या वास्तूचा हा उपयोग तिच्या साहित्यविचाराशी सुसंगत आहे.