‘व्यायाम केला का?’ : प्रश्न आपल्या बोलीत हवा

कंबर, गुडघे दुखले की घरी करायचा व्यायाम सांगतात. तो नियमित होतो का, हे तपासणारी सहा प्रश्नांची ‘एक्सरसाइज अ‍ॅडहिअरन्स रेटिंग स्केल’ २०१७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली.

अशी प्रश्नावली मराठीत आणताना नुसते शब्द बदलून भागत नाही. सोलापुरात दिवसभर विड्या वळणारी ताई म्हणेल, “व्यायाम कामातच होतोय की!” पण कामाचे कष्ट वेगळे, दुखण्यावर सांगितलेला व्यायाम वेगळा. कागदावर चुकून ‘हो’ लागले, तर व्यायामाने गुण आला नाही असे वाटून उपचारच बदलतील.

म्हणून भाषांतर पुन्हा इंग्रजीत करून मूळ प्रश्नांशी ताडतात. मग साध्या माणसांना विचारून पाहतात.

बंधू-भगिनींनो, प्रश्न समजला नाही तर विचारा. व्यायाम जमला नसेल तर कारणासह सांगा. त्यात लाज कसली?