व्हिडिओ फुटतो तो यूट्यूबवर नव्हे

माजलगावात लग्नाचं शूटिंग असो की हरिनाम सप्ताहातलं काल्याचं कीर्तन, अपलोड केल्यावर चित्र फुटलं की दुकानातून एकच उत्तर येतं : "यूट्यूबच खराब करतंय हो, आमच्याकडं तर क्लिअर दिसतंय." या उत्तराचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. ज्यानं पैसे मोजले त्यालाच अडाणी ठरवणारं हे उत्तर आहे, आणि बहुतेक वेळा ते खोटंही असतं. यूट्यूब प्रत्येक व्हिडिओ पुन्हा दाबतं, हे खरं. पण त्याच्या हाती पडायच्या आधीच तो आपल्या गावात दोन-तीनदा दाबून झालेला असतो आणि खरी नासाडी तिथंच होते.

हिशोब साधा आहे. कॅमेरा शूटिंग करतानाच चित्र दाबून कार्डावर लिहितो. मिक्सिंग झाल्यावर रेंडर करताना ते पुन्हा दाबलं जातं. मग येतो पेन ड्राइव्ह. घरच्या टीव्हीला चालावा म्हणून तो बहुधा फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. तीन तासांचं लग्न ४ जीबीत कोंबायचं तर सेकंदाला जेमतेम ३ मेगाबिट वाट्याला येतात. फुल एचडी चित्रासाठी यूट्यूब स्वतः सेकंदाला ८ मेगाबिटची फाइल मागतं; ५० किंवा ६० फ्रेमचं शूटिंग असेल तर १२. पुढं हीच पेन ड्राइव्हची फाइल चॅनलवर चढवली जाते, कारण मूळ रेंडर तोवर डिलीट झालेलं असतं. टीव्हीसाठी केलेली तडजोड अशी कायमची होऊन बसते.

या तडजोडीची किंमत कुठं मोजावी लागते ते एकदा नीट पाहा. एच २६४ हा व्हिडिओ दाबायचा २००३ सालापासूनचा प्रकार आजही सगळीकडं चालतो. तो प्रत्येक फ्रेम नव्यानं साठवत नाही. आधीच्या फ्रेममधलं काय हललं, कुठं सरकलं, एवढंच मुख्यतः टिपतो. स्टेजवर माणसं बसलेली असताना म्हणूनच ३ मेगाबिटही पुरल्यासारखे वाटतात. पण मंगलाष्टक संपून अक्षता पडल्या की पडद्यावर शेकडो दाणे वेगवेगळ्या दिशांनी उडतात. आधीच्या फ्रेमवरून त्यांचा अंदाज बांधता येत नाही आणि लिहायला बिट शिल्लक नसतात. मग दाण्यांच्या जागी चौकोनी ठोकळे दिसतात, नवरीचा चेहरा क्षणभर मेण वितळल्यासारखा होतो, मुंडावळ्यांच्या कडा विरघळतात. घरच्यांना पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो तोच क्षण सगळ्यात वाईट निघतो. कीर्तनात टाळांचं तेच होतं. आवाजाचे बिट फार कमी केले की टाळ पाण्यातून वाजल्यासारखे ऐकू येतात.

"यूट्यूब नाहीतरी पुन्हा दाबणारच, मग आधी कशाला जपायचं?" असं विचारतात. याच कारणासाठी जपायचं. फुटलेली फाइल दिली की यूट्यूबचं यंत्र ते ठोकळे हाच चित्राचा भाग समजतं, त्यांच्या कडा जपण्यात बिट घालवतं आणि खऱ्या चेहऱ्याच्या वाट्याला आणखी कमी उरतात. दुसरा आक्षेप असा, की सगळे मोबाईलवरच बघतात, कुणाला कळतंय? हा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागतो, कारण तो दूरच्या माणसाला गृहीत धरतो. आपल्या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेलेली असतात. फडाजवळच्या कोपीत, एक-दोन काड्यांच्या रेंजमध्ये ती भाच्याचं लग्न पाहतात. त्यांच्यासाठी लागणारी कमी आकाराची आवृत्ती यूट्यूब स्वतःच तयार करतं, आणि ती तयार होते आपण दिलेल्या फाइलवरूनच. मूळ स्वच्छ असेल तर ३६०पी चित्रातही चेहरा ओळखू येतो. कमी रेंजवाल्यासाठी कमी दर्जाची फाइल चढवणं म्हणजे त्याला दुहेरी तोटा.

मूळ फाइल ठेवायला डिस्कवर जागा पुरत नाही, हा आक्षेप मात्र मी मान्य करतो, अर्धा. प्रोरेस ४२२ एचक्यूसारख्या भारी फॉरमॅटमध्ये २५ फ्रेमच्या फुल एचडीला तासाला ८० जीबीहून जास्त लागतात. छोट्या दुकानाला हे परवडत नाही, कबूल. पण सेकंदाला ५० मेगाबिटची एच २६४ मास्टर फाइल तासाला साडेबावीस जीबी होते. तीन तासांची अशी चौदा लग्नं १ टीबीच्या डिस्कमध्ये बसतात. गिऱ्हाईक स्वतःची डिस्क आणून द्यायला तयार असेल, तर नकाराला कारणच उरत नाही. फिल्मच्या काळात प्रिंट निगेटिव्हवरूनच काढायची, प्रिंटवरून प्रिंट काढली की चित्र खालावतं, हे लॅबमधल्या साध्या कामगारालाही ठाऊक असायचं. आणि मूळच हरवलं तर काय होतं? फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'ची सगळी रिळं आज आपल्याकडं नाहीत.

तेव्हा मास्टर एकच ठेवायचा आणि यूट्यूब, पेन ड्राइव्ह, व्हॉट्सॲप यांच्या फाइली प्रत्येक वेळी त्याच्यावरूनच काढायच्या. पेन ड्राइव्हसाठी लग्नाचे तीन-चार भाग करावेत, म्हणजे इतकं दाबावं लागत नाही. शूटिंग २५ फ्रेमचं असेल तर २५च ठेवा; ३० केलं की सेकंदाला पाच फ्रेम दुबार येतात आणि वरात अडखळत चालते. जुन्या कॅमेऱ्याचं ५०आय फुटेज असेल तर रेंडरच्या आधी डीइंटरलेस करून घ्या. त्यात एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या रेषा असतात, म्हणून मृदंगावरच्या हाताला कंगव्यासारखे दात फुटतात. आवाज ४८ किलोहर्ट्झचा एएसी, स्टीरिओला ३८४ किलोबिट. फाइल काढायला हँडब्रेक हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात बिटरेटऐवजी आरएफ हा दर्जाचा आकडा १८ च्या आसपास ठेवा, म्हणजे अक्षतांच्या वेळी ते आपोआप जास्त बिट देतं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बॅकअप ठेवा, हे काय वेगळं सांगायचं.

आणि इसार देण्याआधी दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्या : मास्टर फाइल मिळेल, बिटरेट अमुक, डिलीट करण्याआधी कळवणार. तोंडी "देऊ की" वर विसंबू नका. कार्ड रिकामं करायची घाई पुढच्या तिथीला सगळ्यांनाच असते. उरलेली रक्कम देताना सुरुवातीचं टायटल बघू नका, ते नेहमीच छान असतं. थेट अक्षता लावायला सांगा, मोठ्या पडद्यावर, आणि तिथं थांबवा.