दुःस्थित समीकरणे आणि उत्तराची विश्वासार्हता

नवी दिल्लीतील पुसा येथील कृषी सांख्यिकी संस्थेत १९६४ साली आयबीएम १६२० हा संगणक आला. विनायक गोविंद पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ च्या ग्रंथाने कृषिप्रयोगांच्या विश्लेषणास आधीच शिस्त लावली होती. आता आकडेमोडीस गती मिळाली. हा संगणक दशमान पद्धतीने चाले. फोरट्रॅन भाषेत तो सामान्यतः ८ सार्थ अंक राखी. इच्छिल्यास ते २८ पर्यंत वाढविता येत. एवढ्या अंकांची गरज का भासावी?

समजा, खताचा परिणाम क्ष व पाण्याचा परिणाम य आहे.

क्ष + य = २
क्ष + १.००१ य = २.००१

येथे क्ष = १, य = १. उजवीकडील २.००१ च्या जागी २.००२ घेताच क्ष = ० व य = २ होते; म्हणजे खत निरुपयोगी ठरते! शिवाय हे दुसरे उत्तर मूळ समीकरणांत घातल्यास अवशेष अवघा ०.००१ उरतो. म्हणून अल्प अवशेष हा अचूकतेचा पुरावा नव्हे. अशा समीकरणांना दुःस्थित म्हणावे. जो शेतकरी खत अधिक घालतो तोच पाणीही अधिक देतो, तेव्हा दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखे होऊन हीच अवस्था येते.

दुःस्थितीचे माप म्हणजे स्थिति-अंक. तो दहाच्या ज्या घाताएवढा असेल, सुमारे तितके सार्थ अंक गमावण्याचा धोका असतो. लघुतम वर्ग पद्धतीत प्रसामान्य समीकरणे मांडताच स्थिति-अंकाचा वर्ग होतो. मूळ आव्यूहाचा स्थिति-अंक १०,००० असल्यास तो १० कोटी होतो, आणि ८ अंकी गणितात विश्वासार्ह असे काहीच उरत नाही.

यावर उपाय दोन. पहिला, प्रसामान्य समीकरणे टाळून हाउसहोल्डर यांच्या १९५८ च्या लंबकोनी रूपांतराने मूळ आव्यूहच त्रिकोणी करणे. १९६५ मध्ये गोलब यांनी ही रीत लघुतम वर्गांसाठी वापरली. दुसरा, अवशेष दुप्पट अंकांनी काढून त्यावरून दुरुस्ती शोधणे व ती उत्तरात मिळविणे. स्थिति-अंक फार मोठा नसल्यास ही पुनरावृत्ती लवकर स्थिरावते.

परंतु मोजमापातील चूक २८ अंकांनीही पुसली जात नाही. तिचा परिणाम आवरावयाचा तर खत व पाणी यांच्या मात्रा परस्परांपासून स्वतंत्रपणे बदलणारा प्रयोगच आखावा लागतो. अचूक उत्तराचा आरंभ संगणकात नव्हे, शेतात होतो.